दुरुस्तीची रेघ

सोलडाल म्हणजे उन्हाची दरी.
इथं दरी नाही.
गोटी ठेवली तर ठेवल्या जागी राहते
इतकी सपाट जमीन:
बर्फ वितळून झालेल्या एका अफाट तळ्याचा तळ.
तळं निघून गेलं, काळा गाळ राहिला,
गाळावर गहू, गव्हामागून बीट.
पण नॉर्वेहून आलेल्यांना डोंगर आठवत होते
आणि नावाला पैसे पडत नव्हते.

त्यांच्याआधी मोजणीदार आले, साखळी घेऊन.
सहा मैल लांब, सहा मैल रुंद,
आत चौकोन छत्तीस,
त्यांचे नंबर बैल वळवावेत तसे,
एक ओळ जाताना, एक ओळ येताना.
सोळावा शाळेसाठी राखलेला.
जमीन आणि कागद यांच्यात
छत्तीसचा आकडा पडला तो तिथूनच.

कारण बाविसाव्यातून जाणारी तिरकी वाट
कागदाला दिसली नाही.
क्री आया, फ्रेंच बाप, स्वतःला मेती म्हणणारे लोक
तिच्यावरून गाड्या हाकायचे.
लाकडी चाकं, वंगण नाही,
करकर मैलभर आधी ऐकू यायची.
आम्ही शंभर वर्षं तिच्यावर नांगर फिरवला.
तरी कोरड्या वसंतात कोंब वर आले
की दोन फिकट पट्टे उमटतात,
आमच्या कुठल्याच बांधाला न विचारता.

नदी उत्तरेला वाहते, हेही लिहायला हवं.
उगमाकडे बर्फ सुटतो तेव्हा
पुढं ती अजून दगड असते.
पाणी थांबतं, मग आडवं निघतं.
एप्रिलमध्ये आम्ही होडीनं टपाल आणतो
आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

मी इथली कारकून, राग्ना.
दप्तर म्हणजे चार वह्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
जुन्या वहीत जानेवारीच्या नोंदी पेन्सिलीनं,
शाई गोठायची म्हणून.

१९०५: रेल्वे दोन मैल पलीकडून गेली.
दुकान, लोहारशाळा, चर्च
ओंडक्यांवर चढवून बर्फावरून ओढत नेले.
घर चालत असताना सिग्ने लुंडनं
आत चुलीवर कॉफी ठेवली होती म्हणतात.
वहीत तसं नाही.
वहीत: घोडे बावीस, दोरखंड तुटला एक.

१९१२: बिळातल्या खारी, शेपटीला दोन सेंट.
शेपट्या तीन हजार एकशे चाळीस.
त्यातल्या किती दुसऱ्या टाउनशिपच्या, देव जाणे.

१९६४: तिसाव्यात सरकारनं खोल खड्डा खणला,
भोवती कुंपण.
आत काय, पोराटोरांनाही माहीत होतं.
वहीत: रस्त्याला खडी, सरकारी खर्चानं.
रस्ता खरंच छान झाला.

पृथ्वी गोल आहे हे आम्हाला रस्त्यानं शिकवलं.
उत्तरेकडे उभ्या रेघा जवळजवळ येत जातात,
चौकोन अंग चोरतो.
म्हणून मोजणीदारांनी मैलामैलाची चूक गोळा केली
आणि एकाच रेघेवर आणून ठेवली.
ती रेघ आमच्या वाट्याला आली.
नाकासमोर चाललेला रस्ता तिथं काटकोनात वळतो,
शंभर पावलं, आणि पुन्हा उत्तरेला.
परका माणूस सरळ बिटाच्या शेतात.

परका नसलेलाही.
१९८७, ऑक्टोबर, काढणीची अकरावी रात्र,
ट्रकमध्ये माझा भाऊ टोरगाइर.
जन्मापासून ते वळण त्याच्या हातात होतं.
झोप मात्र त्या रात्रीची होती.

तेव्हा कारकून ओसमुंड. त्यानं लिहिलं:
वळणावर दिवा बसवावा. ठराव एकमतानं.
आणि खाली अर्धं पान कोरं सोडलं.
हा ओसमुंड पाकिटं उलटी करून वापरायचा.

यंदा मार्चच्या सभेला नऊ जण.
विषय: टाउनशिप बरखास्त करून काउंटीत मिळवणे.
चर्चा थोडी, लेफसे बरीच.
बाजूनं पाच, विरुद्ध चार.
माझं मत कुठं गेलं ते विचारू नका.
कोट चढवता चढवता हर्दिस म्हणाली,
आता त्या दिव्याचं बिल कोण भरणार?

मी म्हणाले, जूनपर्यंतचं भरलंय.